उताराची लढाई

४ मार्च

माननीय दिग्दर्शक महोदय यांस,

सप्रेम नमस्कार लिहिणार होते, पण 'सप्रेम'पाशी पेन अडलं. तेव्हा नुसताच नमस्कार.

आपल्या कंपनीची एक बाई काल दुपारी येऊन गेली. काखेत फाईल, आणि पायांत असे बूट की जिन्यावर तिच्याआधी तिचा आवाज वर पोचला. तिने मला दहा वेळा मॅडम म्हटलं आणि बसा म्हटलं तरी एकदाही बसली नाही.

"फक्त इथे आणि इथे, मॅडम. वारस म्हणून. सरांची सही झालीय, तुमची तेवढी राहिली."

सर म्हणजे तू. आता ते 'आपण' पुरे, हात दुखतो.

कागद वाचला. सिनेमाच्या सुरुवातीला बाबांच्या पुस्तकातला नकाशा दाखवणार, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत बाबांचं नाव, 'इतिहास सल्लागार'. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. सल्ला घ्यायला तू कुठे गेला होतास?

मी तिला विचारलं, "सिनेमात नदी आहे का?"

"मॅडम, मी करारांचं बघते."

"पण येता-जाता नदी दिसली असेल की."

"ट्रेलर दाखवू का?"

दाखवला. फोनवर, उभ्या उभ्या. त्यात काय आहे ते तुला सांगते, कारण तुम्ही लोक स्वतःचं काम परत बघत नसाल अशी मला दाट शंका आहे. एक डोंगर आहे. डोंगराच्या माथ्यावर आपला सेनापती केस उडवत बसला आहे. त्याने हात वर केला की हजारभर माणसं ओरडत डोंगर उतरतात, शाळा सुटल्यावर पोरं घसरगुंडीवर तुटून पडतात तशी.

बाबांच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य तुला माझ्याआधी पाठ झालं होतं. 'उजाडायच्या आत सेनापतीने उतार धरला.' उतार, अरे, उतार! नदीतली उथळ जागा, जिथून माणसं आणि जनावरं पायी पलीकडे जातात. तुमच्या पटकथा लिहिणाऱ्याने उतार हा शब्द वाचला आणि डोंगर शोधायला निघाला. त्याला कोणी सांगू नका की तापाला उतार पडला, नाहीतर रोग्याला खाटेसकट टेकडीवरून ढकलेल. उताराची लढाई झाली ती जागा ताटासारखी सपाट आहे. बाबांनी आपल्याला तिथे नेलं होतं. तू त्या सपाटीवर दिवसभर पळत होतास आणि परतताना बाबांच्या खांद्यावर झोपलास. डोंगर असता तर बाबांच्या कमरेने तेव्हाच सांगितलं असतं.

शिवाय दात. मी जन्मभर दातांच्या दवाखान्यात काम केलं. सक्शनची नळी धरून लोकांच्या जबड्यात जेवढं पाहिलं तेवढं तू कॅमेऱ्यातून पाहिलं नसशील. सेनापतीने आरोळी ठोकली आणि मला वरच्या सहा दातांवर कॅपा दिसल्या. नाजूक काम आहे, वाखाणण्यासारखं. असा दंतवैद्य दोनशे वर्षांपूर्वी असता तर सेनापतीने अर्धं राज्य त्याच्या नावे करून दिलं असतं. बाबांनी लिहिलंच आहे, लढाईच्या आदल्या दिवसापासून त्याची दाढ ठणकत होती आणि तो कोणाशी अवाक्षर बोलत नव्हता. तुमचा सेनापती बोलतो. ट्रेलरमध्येसुद्धा बोलतच राहतो.

"लोकांना आवडतंय, मॅडम," ती बाई म्हणाली.

"लोकांना साखरही आवडते. त्यावरच आमचा दवाखाना चालला."

सही केली नाही. करणार नाही. माझ्या सहीशिवाय बाबांचं नाव पडद्यावर येऊ शकत नाही हे कागदातच लिहिलंय, आणि मला ते वाचून फार बरं वाटलं. तुला हवं ते दाखव, सेनापतीला मोटारसायकलवर बसव. पण त्या घसरगुंडीच्या डोक्यावर बाबांचं नाव नको.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. लोभ तुमच्याकडे पुष्कळ दिसतो, माझी भर नको.

तुझी ताई

११ मार्च

चिरंजीव भावास उत्तम आशीर्वाद. ('उत्तम' सवयीने पडला, तसाच राहू दे.)

एवढ्या लांब पत्राला फोनवर दोन ओळींचं उत्तर! 'ताई, मला ती लढाई तशीच आठवते. दोन पास पाठवतोय, बघ आणि मग ठरव.'

तशीच आठवते म्हणे! तू होतास का तिथे? दोनशे वर्षांपूर्वी, भाला घेऊन? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणं पाप आहेच, पण निदान व्याकरणात तरी बसलं पाहिजे. तुझं वाक्य काळातच बसत नाही.

तुझे भाऊजी माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "अगं, सिनेमा आहे तो. पेपर तपासायला घेतल्यासारखी लाल शाई काय काढतेस?"

"ज्यांच्या नावावर खपवतायत ते जन्मभर पेपरच तपासत होते."

"ते मास्तर होते. तू कोण?"

"मी त्यांची मॉनिटर."

ते चष्मा शोधायला गेले. चष्मा डोक्यावरच होता.

तुला आठवतं म्हणतोस, तर काय आठवतं ते मीच सांगते. रविवारचा नाश्ता झाला की बाबा तळहाताने टेबलावरचे पावाचे कण झाडायचे आणि म्हणायचे, "लढाई मांडा." आईचा निळा स्कार्फ मधोमध, ती नदी. शर्टांची बटणं म्हणजे पायदळ, शिवणाच्या डब्यातली रिळं म्हणजे घोडदळ. मिरपुडीची बाटली म्हणजे काठावरचा पडका बुरूज. भिंतीच्या बाजूला बाबा आणि मी, आपलं सैन्य. समोर, खिडकीच्या बाजूला, तू एकटा. कोणाला तरी शत्रू व्हावंच लागतं, आणि तू धाकटा होतास. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "शत्रुपक्षाने दूध प्यायलं का?" ते नाव घरात इतकं रुळलं की तुला शाळेत घालताना बाबा अर्जावर तुझं खरं नाव लिहायचं म्हणून क्षणभर थबकले होते.

ही लढाई कशी जिंकली गेली, हे बाबांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तलवारीने नाही, आणि भाषणाने तर नाहीच. आपल्या सेनापतीने आदल्या संध्याकाळी घोड्यांना पोटभर पाणी पाजलं होतं. शत्रू दिवस-रात्र दौडत आला होता. तो पाण्यावर कुठे थांबला नाही, सकाळी थेट उतारात शिरला. नदीच्या मध्यावर त्याच्या घोड्यांनी माना खाली घातल्या आणि प्यायला लागले. टाच मारा, चाबूक मारा, हलेनात. तिथेच लढाई संपली. एवढीशी गोष्ट, पण ती शोधायला बाबांचे डोळे गेले, आणि पुस्तक विकलं गेलं नाही म्हणून त्याचे गठ्ठे आपल्या पलंगाखाली आले.

आणि तुझा दर रविवारी एकच हट्ट. "बाबा, आज माझ्या घोड्यांना पण पाजू ना पाणी? थोडंसंच." बशी भरून घेऊनच बसायचास. बाबा बशी बाजूला सरकवायचे. "शत्रूच्या घोड्यांना पाणी नाही. इतिहास आहे, बाळ, तो बदलत नाही." मग तू हरायचास. रडायचास, आणि पुढच्या रविवारी परत बशी घेऊन हजर! किती हसायचो आम्ही.

ते टेबल अजून इथेच आहे. आम्ही बाबांकडे राहायला आलो तेव्हा भाऊजींनी पहिलं काम केलं ते त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. आता चहा सांडत नाही.

तुझा पहिला सिनेमा बाबा बघायला आले होते तोही दिवस तुला आठवत असणार. मध्यंतरात उठले आणि म्हणाले, "याला इतिहास येत नाही." ते हळू म्हणाले असं त्यांना वाटलं, पण मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज तो. तू मागच्याच रांगेत होतास. त्यानंतर तू घरी आला नाहीस आणि त्यांनी बोलावलं नाही. शेवटी आलास तेव्हा फुलं सुकून गेली होती. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. विमानं उशिरा येतात.

पास मिळाले. येणार आहे. वाखाणायला येत नाही, मोजायला येते आहे.

ताई

१९ मार्च

चिरंजीवास,

पाहिला.

आधी चांगलं सांगते, म्हणजे ते आटोपेल. खुर्च्या मऊ होत्या.

सेनापतीचं भाषण. तेवढ्या वेळात आमचे डॉक्टर एक रूट कॅनाल उरकून हात धुवायचे. दाढेचा पत्ता नाही, गाल सुजलेला नाही. तोफेचा गोळा पडेल तिथे असा भडका, की जमिनीखाली पेट्रोल पंप पुरून ठेवले असावेत. मेलेले सैनिक श्वास घेतात. एकाने तर नाक खाजवलं. सेनापतीची बायको डोंगरावर वाऱ्यात उभी राहून गाते आणि तिच्या पाठीला चेन आहे. मी पाहिली. खरी बायको चार मुलांची आई होती, अंगाने भारदस्त. बाबांनी तिचं पत्र छापलंय, त्यात ती नवऱ्याला बजावते की ओल्या मोज्यांनी झोपू नका. दोनशे वर्षं टिकलेली एवढी माया तुझ्या हाताशी होती, आणि तू तिला गाणं दिलंस!

नकाशाचं तर बोलायलाच नको. सगळी लढाई उलटी. आपल्या सैन्याच्या बाजूने पाहिलं तर बुरूज डावीकडे, हे मी झोपेत सांगेन. तुझ्याकडे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत उजवीकडे. नदी वाहते तीही उलटी. भाऊजी कुजबुजले, "यांनी आरशात बघून केलंय का गं?" त्या माणसाला स्वतःच्या गल्लीतली दिशा कळत नाही, त्याला कळलं. आणि पडद्यावर सुरुवातीला बाबांचा नकाशा झळकणार, म्हणजे पहिल्या बाकावरचं पोरगंही बोट दाखवील की हे जुळत नाही.

डोंगर आहेच. सैन्य त्यावरून खाली येतंच राहतं, येतंच राहतं, थेट आपल्या अंगावर. मी पाय वर घेतले.

हे सगळं मी अडाणीपणात मांडलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण पुढचं नाही सोडणार.

लढाईच्या आदल्या संध्याकाळी, शत्रूच्या छावणीत, एक म्हातारा मोतद्दार घोड्यांना पाण्यावर नेतो. शत्रूचे घोडे! माना खाली घालतात आणि पितात. संगीत नाही, कॅमेरा हलत नाही, कोणी बोलत नाही. एक पिऊन झाला की दुसरा. शेजारची कुठल्या तरी वर्तमानपत्राची बाई फोन बघायला लागली. मागून कोणी म्हणालं, "हे कापायला हवं होतं." आयुष्यात पहिल्यांदा मी सिनेमावाल्यांशी सहमत झाले.

बाकीचं अज्ञान आहे, हे पाप आहे. घोडे पाणी प्यायले तर शत्रू हरतोच कसा? तुला तरी माहीत होतं! जगात तीनच माणसांना ते माहीत होतं आणि त्यातला एक तू. मग तो हरावा म्हणून तुला सेनापतीकडून एकट्याने चाळीस माणसं कापून घ्यावी लागली, कॅपा सांभाळत. बाबांच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी ओतलंस, तेही बादलीने.

टॅक्सीत भाऊजी म्हणाले, "मला तेवढंच आवडलं बघ."

"काय?"

"घोडे पाणी पितात ते."

"तुम्हाला लढाईतलं काय कळतं?"

"काही नाही. पण ते घोडे खरंच तहानलेले होते."



सिनेमा पुढच्या आठवड्यात लागतोय, तेव्हा स्पष्ट लिहिते, म्हणजे त्या फायलीवाल्या बाईला परत जिना चढायला नको. माझी सही

थांब. चहा सांडला. भाऊजींनी काल फरशी पुसताना टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा काढला तो परत घातलाच नाही. सगळा चहा पलीकडे वाहत चाललाय. पुसून येते.

२० मार्च

प्रिय शत्रुपक्षा,

काल पत्र अर्धंच राहिलं. तेही सोबत जोडते आहे, कारण त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही.

चहा पुसायला मी टेबलाच्या पलीकडे गेले. वाकून पुसलं, मग गुडघे वर येऊ देईनात, म्हणून हाताला आली त्या खुर्चीत बसले. ती तुझी खुर्ची होती. या घरात मी लहानाची मोठी झाले, पण त्या बाजूला मी कधी बसले नव्हते. तिथे तू असायचास, मग तू नव्हतास म्हणून कोणीच बसत नव्हतं.

टेबलावर मिरपुडीची बाटली होती, नेहमीच्या जागी. ती माझ्या उजव्या हाताला होती.

मग उठून शिवणाचा डबा आणला. तुझे भाऊजी दारात येऊन म्हणाले, "काय शिवायचंय?" मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही पेपर वाचा." आईचा स्कार्फ विरलाय, पण निळा आहे. तो मधोमध अंथरला. पलीकडे, बाबांच्या आणि माझ्या बाजूला, रिळं उभी केली, परत येऊन तुझ्या खुर्चीत बसले आणि एकाला बोटाने धक्का दिला. ते आडवं झालं आणि गडगडत माझ्याकडे आलं. त्याच्या धक्क्याने दुसरं. मग सगळीच. त्या टेबलाला उतार होता, आणि तो तुझ्या बाजूला होता. आम्हाला तो कधी दिसलाच नाही. आम्ही वर बसलो होतो ना! नदी ओलांडून सगळं घोडदळ माझ्या मांडीत येऊन पडलं, आणि तू एवढासा होतास, तुझी हनुवटी टेबलाला लागायची. तिथून बघितलं तर तो डोंगरच.

तुझ्या त्या बिचाऱ्या पटकथावाल्याला मी काय काय बोलले. त्याला सांगू नकोस.

'मला ती लढाई तशीच आठवते.' बरोबर आहे. तू होतासच तिथे.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितलेली नाही, कारण ती गोष्ट आहे हेच मला काल संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. शेवटच्या महिन्यांत बाबा सकाळी टेबलाशी येऊन बसायचे आणि समोर बघून विचारायचे, "शत्रुपक्ष अजून आला नाही?" मी तुझ्या ऑफिसात फोन केले होते. सर शूटिंगला आहेत, असं सांगायचे. एक दिवस बाबांनी पाणी मागितलं. मी पेला दिला. त्यांनी तो बाजूला केला. "बशीत," म्हणाले. मला वाटलं, म्हातारपण; चहासारखं बशीतून प्यायचं असेल. बशी भरून दिली. त्यांनी ती स्वतः प्यायली नाही. दोन्ही हातांनी टेबलावरून पलीकडे सरकवली, तुझ्या खुर्चीपुढे. थोडं सांडलं. मी 'अहो बाबा' म्हणत ती उचलली आणि धुऊन ठेवली.

बाबांना शेवटी घोड्यांचं काय वाटलं, ते तू ठरव. मी इतिहासात ढवळाढवळ करत नाही.

कागदावर सही केली आहे, दोन्ही ठिकाणी. अटी आहेत, त्या समासात लिहिल्यात. फायलीवाल्या बाईला सांग, अक्षर कॉन्व्हेंटचं आहे, वाचता येईल.

'इतिहास सल्लागार' खोडलं आहे. बाबांनी या सिनेमाला कसलाही सल्ला दिलेला नाही, आणि दिला असता तर तुम्ही पळून गेला असता. त्याऐवजी 'लढाई मांडली', आणि पुढे बाबांचं नाव. अक्षरं लहान चालतील. आणि नकाशा छापायचाच असेल तर तो उलटा फिरवून छापा, खिडकीकडच्या खुर्चीतून दिसायचा तसा. लोक म्हणतील चुकला. म्हणू देत. निदान नकाशा आणि सिनेमा तरी एकमेकांशी जुळतील. तुझ्या या धंद्यात तेवढी अचूकता विक्रमच म्हणायची.

सिनेमा भिकार आहे, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती चेन अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फक्त घोडे पाणी पितात तेवढं कोणाच्या सांगण्यावरून कापू नकोस. मागच्या रांगेतून कोणी काही बोललं तरी.

एखाद्या रविवारी ये. नाश्ता करून आलास तरी इथे परत कर. तुझ्या भाऊजींनी आज पुठ्ठा घालायला घेतला होता, मी घालू दिला नाही. टेबल मांडूनच ठेवलंय, आम्ही दोघं सध्या मांडीवर ताटली घेऊन जेवतो, त्यामुळे फार दिवस लावू नकोस. तुझ्याच खुर्चीत बस. बशी मी भरून ठेवते.

मग बघू कोण जिंकतं.

आपल्या सैन्यातली आता एकटीच उरलेली,
ताई